नशिबाचा नव्हे, गाडीचा ऐब

मंगरूळपीरला आमच्या मामूंच्या अंगणात एक सात सीटर गाडी चार वर्षांपासून उभी आहे. चाकांतली हवा गेली आहे, सीटवर कोंबड्या बसतात आणि मागच्या काचेवरचे ‘माशाअल्लाह’ उन्हाने फिके पडले आहे. गाडीचा विषय निघाला की मामू एकच वाक्य बोलतात, “किस्मत ही खराब थी बेटा.” मामी त्यात भर घालते, “नजर लगी.” दरवेळी मला राग येतो. मामूंचा नाही, त्या वाक्याचा येतो. कारण त्या गाडीत काय खराब होते ते मला ठाऊक आहे. इंजिनाचे हेड खराब होते.

गोष्ट थोडक्यात सांगतो. २०२० च्या हंगामात सोयाबीनचे पैसे आले, त्यात मामीच्या बांगड्यांचे पैसे घातले आणि मामूंनी एका मोठ्या शहरातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून ३ लाख ४० हजाराला ही गाडी आणली. मीटरवर ७४ हजार किलोमीटर. सकाळी शाळेची मुले, लग्नसराईत वऱ्हाडाच्या फेऱ्या आणि अडल्यानडल्याला घरची गाडी, असा हिशेब होता. सोबत ओळखीचा मिस्त्री नेला होता. त्याने बोनेट उघडले, कान लावला, एक्सिलेटर दाबून पाहिला आणि म्हणाला, “मामू, आँख बंद करके ले लो.” मामूंनी खरेच डोळे झाकून घेतली.

जुलै २०२१ मधल्या एका रात्री मामेबहिणीला कळा सुरू झाल्या. वाशीमला वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले; तेव्हा ते नव्हते. अवघड केस म्हणजे अकोला. घरचीच गाडी दारात आहे म्हणून कोणी दुसरीकडे फोनही केला नाही. बार्शीटाकळीच्या अलीकडे काटा लाल रेषेवर गेला, बोनेटमधून वाफ निघाली आणि गाडी रस्त्याच्या कडेला थांबली ती थांबलीच. पाऊस, अंधार आणि मागच्या सीटवर ती. अकोल्याच्या बाजाराला निघालेल्या एका भाजीच्या पिकअपवाल्याने क्रेट बाजूला सारून तिला जागा करून दिली. पहाटे मुलगा झाला. दोघेही सुखरूप आहेत. भाजीवाल्याने पैसे घेतले नाहीत. ज्याने ३ लाख ४० हजार घेतले होते, त्याने दुसऱ्या दिवशी फोन उचलला नाही.

पुढे गाडीच्या नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुनी नोंद काढली. विकण्याच्या दोन वर्षे आधीच ती गाडी १ लाख ८६ हजार किलोमीटर धावलेली होती. हेडला तडा होता, तो वेल्डिंग करून झाकला होता. आणि ‘आँख बंद करके’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला त्या सौद्यात एजंटाकडून पाच हजार मिळाले होते. हे सगळे कळल्यावर मामूंनी काय केले? दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर जाऊन आले, सदका दिला आणि गप्प बसले.

हे माझ्या मामूंचे एकट्याचे नाही. रिसोड, मालेगाव, कारंजा, मानोरा, कुठेही चहाच्या टपरीवर बसा. दहा गाडीमालकांतले निदान दोघे तरी हाच पश्चात्ताप सांगतील. कोणाची नवी गाडी पहिल्या सहा महिन्यांत चार वेळा वर्कशॉपला गेली, कोणाच्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स महिन्याभरात बसला. सांगताना मात्र प्रत्येकजण स्वतःलाच दोष देतो. घाई केली, कोणाचे ऐकले नाही, शनिवारी घेतली, नजर लागली. हिंदू शेजारी म्हणतो, लिंबू-मिरची बांधायला उशीर झाला. मुसलमान म्हणतो, ७८६ नंबर मिळाला असता तर बरे झाले असते. विकणाऱ्याचे नाव या पश्चात्तापात कुठेच नसते.

माझे म्हणणे एवढेच आहे की हा पश्चात्ताप चुकीच्या दाराशी जाऊन बसला आहे. त्याला तिथून उठवून योग्य दाराशी नेले पाहिजे.

सोयाबीनला मीटर, गाडीला नशीब

वाशीम हा सोयाबीनचा जिल्हा. बाजार समितीत आपला माल गेला की सर्वांत आधी काय होते? ओलावा मोजायचे मीटर. हमीभावाच्या खरेदीसाठी १२ टक्क्यांची मर्यादा. २०२४ च्या हंगामात ओरड झाली तेव्हा कुठे ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली गेली. व्यापारी मूठभर दाणे उचलतो, दाताखाली चावतो, काडीकचरा बघतो, डागी दाणा बघतो आणि भाव पाडतो. शेतकऱ्याने ‘माझ्या सोयाबीनचे नशीबच ओले होते’ असे म्हटले तर त्याला कोणी क्विंटलमागे एक रुपया वाढवून देत नाही. मालात ऐब असेल तर भाव कमी, हा बाजाराचा नियम तो मुकाट्याने सोसतो.

मग तोच शेतकरी त्याच पैशाने गाडी घ्यायला जातो तेव्हा हा नियम कुठे जातो? दाण्यातला ओलावा मोजणारे यंत्र प्रत्येक बाजार समितीत आहे. ३ लाख ४० हजाराच्या गाडीतले वेल्डिंग दाखवणारे यंत्र कुठे आहे? विकताना आपला माल उघडा आणि घेताना समोरच्याचा माल झाकलेला, असा हा दुहेरी बाजार आहे. त्यात गरीब माणूस दोन्हीकडून कापला जातो.

आणि आता या फसवणुकीची किंमत वाढली आहे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, आपल्या जिल्ह्याला तो तिन्ही ठिकाणी हात लावून जातो. गावच्या खड्ड्यांतून चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत जो ऐब झाकून राहत होता, तो १२० च्या वेगाला झाकून राहत नाही. झिजलेला टायर, वेल्डिंग केलेला सांधा, बदलीचा ब्रेक, हे सगळे तिथे उघडे पडतात. तिथे उघडे पडणे म्हणजे काय, ते या महामार्गाच्या अपघातांच्या बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको.

आपल्याच घरातली गोष्ट

आता आपल्या लोकांशी थोडे बोलतो. मामूंनी किस्मत म्हटले, तेव्हा त्यांना वाटले आपण दीनदार माणसासारखे बोललो. मला तसे वाटत नाही.

मदिनेच्या बाजारातला तो प्रसंग आपण सगळ्यांनी लहानपणी मदरशात ऐकला आहे. पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा पैगंबरांनी त्याला, पावसाचे आणि नशिबाचे कोण काय करणार, असे म्हणून सोडून दिले नाही. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे विचारले. आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममध्ये हा प्रसंग आहे. पाऊस अल्लाहकडून आला होता, हे तिथेही खरेच होते. पण ओल खाली दडवणारा हात माणसाचा होता. ओलावा मोजण्याची ती पहिली गोष्ट आपल्याकडे आहे, आणि आपण मीटर बाजार समितीवर सोडून दिले.

फिक्हमध्ये तर यासाठी वेगळे नावच आहे, ‘खियार-ए-ऐब’. घेतलेल्या वस्तूत आधीपासूनचा ऐब निघाला तर ती परत करून पैसे मागण्याचा खरेदीदाराचा हक्क. हनफी ग्रंथांत त्यावर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. १८६९ ते १८७६ या काळात उस्मानी तुर्कांनी दिवाणी कायद्याची संहिता केली, ती ‘मजल्ला’, तीतही हा हक्क कलमवार मांडला आहे. आमच्या मशिदींत तहारतचे मसले तासभर चालतात. खियार-ए-ऐबवर जुम्याचे बयान मी आजवर एकदाही ऐकलेले नाही.

एखादा गाड्यांचा एजंट भाई इथे बोट वर करील. म्हणेल, मी सौद्याच्या वेळीच ‘जशी आहे तशी’ म्हणालो होतो, अशी अट शरियतीत चालते. हनफी मतानुसार अशी अट घालता येते, हे खरे आहे. पण सगळे फकीह ते मान्य करत नाहीत, विशेषतः विकणाऱ्याला ऐब आधीच माहीत असेल तेव्हा. आणि भाई, मीटर मागे फिरवणे हे ‘जशी आहे तशी’ विकणे कसे? ती गाडी जशी होती तशी तू ठेवलीच नाहीस.

मिस्त्रीबद्दलही बोलले पाहिजे. गॅरेज हा आपल्या पोरांचा धंदा आहे. २००६ च्या सच्चर अहवालाने दाखवून दिले की मुसलमानांत नोकरीपेक्षा स्वतःच्या हातावर पोट असणारे जास्त. शाळा सुटली, हातात पाना आला, हे आपल्याकडे घरोघरी आहे. वाशीम-अकोल्याच्या रस्त्यावर रात्री दोनला टॉर्च तोंडात धरून दुसऱ्याची गाडी सुरू करून देणारे हेच हात आहेत. त्या हातांचा मला अभिमान आहे. म्हणूनच त्यातला एक हात एजंटाच्या पाकिटाकडे वळतो तेव्हा जास्त लागते. डॉक्टरने औषध कंपनीचे कमिशन खाल्ले की आपण शिव्या घालतो. मिस्त्रीने पासिंगचे पाच हजार घेतले की ‘धंदा आहे’ म्हणतो.

मला ठाऊक आहे, काहीजण म्हणतील, “आधीच सगळे आपल्यावर बोट ठेवतात, त्यात तू कशाला घरचे वाभाडे काढतोस?” मी काढतो, कारण फसलेला मामूही आपलाच होता. समाजाची इज्जत राखायची म्हणून फसवणाऱ्याला झाकायचे आणि फसलेल्याला सब्र शिकवायचा, असली इज्जत मला नको.

कंपनी मोठी, म्हणून ऐब छोटा होत नाही

पण सगळा दोष एजंट आणि मिस्त्रीवर ढकलला तर मोठे मासे सुटतात. २०१३ आठवा. आपल्याकडे काळी-पिवळीच्या जोडीला ज्या टवेरा धावत होत्या, त्या १ लाख १४ हजार टवेरा जनरल मोटर्सला परत बोलवाव्या लागल्या. २००५ ते २०१३ या काळात बनलेल्या. प्रदूषणाच्या तपासणीसाठी निवडक इंजिने पुढे करण्याचा प्रकार कंपनीतल्याच लोकांनी केला होता आणि शेवटी कंपनीला ते कबूल करावे लागले. इतकी वर्षे हजारो मालकांपैकी कोणाच्या ‘नशिबाने’ हे उघड केले नाही. पुढे २०१७ च्या अखेरीस या कंपनीने भारतात गाड्या विकणेच बंद केले. फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. सुटे भाग आणि सेवा मिळत राहील, असे दोघांनीही सांगितले. पण कंपनी निघून गेलेल्या गाडीचा बाजारात काय भाव येतो, ते अशा गाडीच्या मालकालाच विचारा.

तेव्हा गाड्या परत बोलावण्याचा कायदा नव्हता, कंपन्या आपल्या मर्जीने बोलवत. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये ११०-अ हे कलम आले आणि १ एप्रिल २०२१ पासून ते नियमांसह लागू झाले. आता सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असेल तर सरकार सक्तीने गाड्या परत बोलवायला लावू शकते. पण हा कायदा हजारो गाड्यांच्या एकाच दोषासाठी आहे. तुमची एकच गाडी दहा वेळा बिघडली तर त्याचा उपयोग नाही.

अशा एकट्या बिघडक्या गाडीला अमेरिकेत ‘लेमन’ म्हणतात, म्हणजे लिंबू. आपण लिंबू चाकाखाली चिरडतो आणि बंपरला बांधतो, ते गाडीलाच लिंबू म्हणतात आणि कंपनीच्या गळ्यात बांधतात. १९८२ मध्ये कनेटिकट राज्याने कायदा केला: नवी गाडी ठरावीक वेळा दुरुस्त करूनही तोच बिघाड राहिला तर बदलून द्या किंवा पैसे परत करा. नंतर अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्येच सांगितले होते की विकणाऱ्याला ऐब माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगल्या गाड्याही हळूहळू बाहेर पडतात, कारण खऱ्याला खरा भाव मिळत नाही. याच विचारासाठी त्याला २००१ चे नोबेल मिळाले. म्हणजे फसवणारा एजंट प्रामाणिक एजंटाचेही पोट मारतो.

आपल्याकडे ‘लेमन’ कायदा नाही. २००६ मध्ये सुशीलकुमार गबगोत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वॉरंटीत दोषी भाग बदलण्याची हमी असेल तर पूर्ण गाडी बदलून द्या असा आदेश योग्य नाही. २०२१ मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाचे प्रकरण आले. त्याने २०११ मध्ये नव्या इंडिगोचे पैसे मोजले होते आणि डीलरने २००९ मध्ये बनलेली, आधीच शेकडो किलोमीटर धावलेली गाडी हातात दिली होती. न्यायालयाने डीलरला जबाबदार धरले, पण कंपनीला त्याची माहिती होती हे दाखवले गेले नाही म्हणून टाटा मोटर्सला सोडले. शोरूमवर नाव कंपनीचे, जाहिरात कंपनीची, आणि फसवणूक झाली की डीलर वेगळा, कंपनी वेगळी!

तरी दार पूर्ण बंद नाही. एप्रिल २०२२ मध्ये ह्युंदाई कंपनीविरुद्ध एक ग्राहक सर्वोच्च न्यायालयात जिंकला. अपघातात त्याच्या क्रेटाच्या एअरबॅग उघडल्या नव्हत्या. किती वेगाला किती जोराचा धक्का बसला तर एअरबॅग उघडतात, याचे गणित ग्राहकाने करायचे नसते, असा न्यायालयाचा रोख होता. त्याला ३ लाखांची भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. हा माणूस ‘किस्मत’ म्हणून बसला असता तर आज हा निकाल कोणाच्याच कामी आला नसता.

मामूंना जे कोणी सांगितले नाही

मामू मला म्हणाले होते, “कोर्टकचेरीत दुसरी गाडी जाईल.” हे खोटे आहे, आणि हे खोटे आपल्याला सोयीस्करपणे कोणी दुरुस्त करून सांगत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, २० जुलै २०२० पासून लागू आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात होते. ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. वकील लागतोच असे नाही. गाडी दुसऱ्या शहरातून घेतली असली तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे वाशीमला करता येते. गाडीवर पोट असेल, स्वतः चालवून कमावत असाल, तरीही तुम्ही ग्राहकच आहात, धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्हाला हाकलता येत नाही. दोष तपासायला आयोग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, त्याबद्दलही भांडले पाहिजे. आणि मुदत दोन वर्षांची. मामूंची ती मुदत किस्मतीच्या नावाने २०२३ मध्ये संपली.

आणखी एक. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकृत प्रमाणपत्र लागते, आणि त्याच्या ताब्यात रीतसर दिलेल्या गाडीचा तो मालकच समजला जातो. तुमच्या ओळखीच्या एजंटाला ते प्रमाणपत्र कधी मागून पाहिले आहे?

सरकारकडे मागायचे आहे तेही साधेच आहे. दर वेळी पीयूसी काढताना, विमा भरताना आणि अधिकृत सर्व्हिस होताना मीटरचा आकडा ‘वाहन’ प्रणालीत नोंदवा आणि घेणाऱ्याला तो नंबरावरून बघू द्या. बेल्जियममध्ये २००६ पासून अशा नोंदीचे प्रमाणपत्र दिल्याशिवाय जुनी गाडी विकता येत नाही आणि मीटर फिरवण्याचा धंदा तिथे जवळपास मोडला. सोयाबीनच्या ढिगात मीटर घालणारे सरकार गाडीच्या मीटरमध्ये डोकावू शकत नाही, हे मी मानायला तयार नाही. आणि नव्या गाडीसाठी लेमन कायदा हवा, दुरुस्तीच्या फेऱ्यांची मर्यादा ठरवणारा.

आपल्याकडून काय? गाडी घेताना पक्के बिल घ्या, ते देत नसेल तर उठा. पैसे बँकेतून द्या. मिस्त्री न्या, पण त्याची फी तुम्ही द्या आणि त्याच्याकडून तपासणीच्या चार ओळी सहीनिशी लिहून घ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद काढा. वर्कशॉपचे प्रत्येक जॉबकार्ड जपा, निकाहनाम्यासारखे. मिस्त्री भावांनो, ‘पासिंग’चे पैसे नाकारा आणि गॅरेजच्या पाटीवर तसे लिहा. गिऱ्हाईक रांगेत उभे राहील. इमामसाहेब, एक जुमा खियार-ए-ऐबला द्या.

गेल्या ईदला मी मामूंकडे गेलो होतो. त्या रात्री जन्मलेला भाचा आता चार वर्षांचा आहे. तो त्या बंद गाडीच्या स्टिअरिंगवर बसून तोंडाने घर्र घर्र करत होता. मामू बघत होते. म्हणाले, “इसके नसीब में अच्छी गाडी होगी, इन्शाअल्लाह.” मी म्हणालो, “इन्शाअल्लाह. और पक्का बिल भी.” मामू पहिल्यांदाच त्या गाडीच्या विषयावर हसले. मग उठून आत गेले आणि एजंटाने दिलेली ती जुनी चिठ्ठी शोधून माझ्या हातात ठेवली. मुदत गेली आहे, हे त्यांना सांगायला माझी जीभ वळली नाही.